पेपर कुठे वाचायचा: मोठ्या परिषदेत की संशोधक विद्यार्थ्यांच्या?

शिक्षणशास्त्रात पीएचडी करताना हाती थोडाफार डेटा आला, की गाईड एक दिवस म्हणतातच, 'आता एखादा पेपर वाचून टाका.' कुठे वाचायचा, हे मात्र बहुतेकदा आपल्यावर सोडलेलं असतं. एकीकडे संघटनांच्या मोठ्या परिषदा, दुसरीकडे खास पीएचडीवाल्यांसाठी भरणाऱ्या छोट्या परिषदा. मी दोन्हीकडे पेपर वाचला आहे. पुढचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे; तुमचा विषय वेगळा असेल तर थोडं कमीजास्त धरा.

मोठ्या परिषदांची नावं तुम्हाला माहीत असतील. १९१६ साली स्थापन झालेल्या 'एरा'चं, म्हणजे अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचं, वार्षिक अधिवेशन; युरोपातली 'ईसीईआर', म्हणजे युरोपियन कॉन्फरन्स ऑन एज्युकेशनल रिसर्च; आणि 'अर्ली' या शिकण्या-शिकवण्यावरच्या संशोधनाच्या युरोपीय संघटनेची दर दोन वर्षांनी भरणारी परिषद. यातल्या दोन युरोपीय परिषदांना प्रत्येकी एक धाकटं भावंड आहे. ईसीईआरच्या अगदी आधी 'इमर्जिंग रिसर्चर्स कॉन्फरन्स' भरते. अर्लीच्या तरुण संशोधकांची 'ज्यूर' विषम वर्षी मोठ्या परिषदेला लागून असते आणि सम वर्षी स्वतंत्रपणे होते. तुलना करायची ती या थोरल्या-धाकट्या जोडीची. विद्यापीठांचे विभाग आपापल्या पातळीवर भरवतात त्या विद्यार्थी परिषदाही मी धाकट्यांतच धरतो.

पहिला फरक दिसतो तो प्रस्ताव लिहितानाच. एराच्या प्रस्तावात उद्देश, सैद्धांतिक चौकट, पद्धत, डेटाचे स्रोत, निष्कर्ष आणि संशोधनाचं महत्त्व, एवढं सगळं मांडावं लागतं. परिषद साधारण एप्रिलमध्ये आणि प्रस्ताव आदल्या जुलैच्या सुमारास. म्हणजे ज्या निष्कर्षांवर एप्रिलमध्ये बोलायचं, ते जुलैत हातात हवेत. ज्याचं कोडिंग (म्हणजे डेटाचं प्रकारांत वर्गीकरण) अजून अर्ध्यावर आहे त्याने तिथे काय लिहायचं? काही जण ठोकून देतात आणि पुढे निभावतात. मला ते जमत नाही. त्या मानाने युरोपीय प्रस्तावात 'अपेक्षित निष्पत्ती' लिहिली तरी चालते, आणि धाकट्या परिषदांत तर अर्धवट काम घेऊन येणंच गृहीत असतं.

पण हे झालं तांत्रिक. माझा निर्णय ठरला तो वेगळ्याच एका कटकटीवरून, आणि ती कटकट म्हणजे प्रश्नांची वेळ.

मोठ्या परिषदेतलं एक सत्र डोळ्यांसमोर आणा. दीड तास, चार किंवा पाच पेपर, एक सत्राध्यक्ष, बहुधा एक भाष्यकार. कागदावर प्रत्येकाला पंधराएक मिनिटं. पहिले वक्ते नावाजलेले, ते बोलतात बावीस मिनिटं, कारण त्यांना थांबवायला सत्राध्यक्षांची जीभ रेटत नाही. दुसऱ्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरशी जुळत नाही. मग सत्राध्यक्ष घड्याळ बघून जाहीर करतात, 'प्रश्न शेवटी एकत्र घेऊ.' या एका वाक्यासरशी विद्यार्थ्याचा सगळा खटाटोप पाण्यात जातो. तुम्ही शेवटचे असता. दुसऱ्याच स्लाइडवर 'दोन मिनिटं'ची चिठ्ठी समोर येते. पद्धतीची स्लाइड, जिच्यावर कुणीतरी बोलावं म्हणून तुम्ही आलात, ती तुम्ही स्वतःच 'हे राहू दे' म्हणत पुढे ढकलता. शेवटी प्रश्न सुरू होतात आणि सगळेच्या सगळे त्या नावाजलेल्या वक्त्यांकडे जातात. तुमच्या वाट्याला सत्र संपल्यावर दारात 'छान काम आहे, चालू ठेवा.'

यात दोष कुणा एकाचा नाही. इतके पेपर त्या वेळेत बसवले, की दुसरं काय होणार? पण मी परिषदेला जातो तो दाद घ्यायला नाही. मला कुणीतरी अडवायला हवं असतं.

धाकट्या परिषदेत ते झालं. मी वर्गातल्या संवादावर काम करत होतो आणि निरीक्षणासाठी नेड फ्लँडर्स या संशोधकाची, वर्गातलं बोलणं ठरावीक प्रकारांत नोंदण्याची पद्धत वापरली होती. दर तीन सेकंदांनी नोंद, दहा प्रकार: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. सादरीकरणाइतकाच वेळ प्रश्नांना राखलेला होता आणि तो कुणी खाल्ला नाही. गणिताच्या तासांवर काम करणारी एक संशोधक विद्यार्थिनी उठली. म्हणाली, 'प्रश्न विचारून शिक्षक थांबतो ती शांतता आणि वर्गात कलकलाट होतो तो गोंधळ, दोन्ही तुम्ही दहाव्यातच टाकलेत ना? मग शिक्षक उत्तराची वाट बघतात की नाही, हे तुम्हाला कळणार कसं?' मी काही बोलणार, तोवर मागून दुसऱ्याने मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेचं काम काढलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, हे त्यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं. 'एका सेकंदाची वाट तीन सेकंदांच्या नोंदीत सापडेल का?' पुढची दहा मिनिटं त्या खोलीत माझ्या तक्त्याची चिरफाड चालली होती, आणि मी भराभरा लिहून घेत होतो. माझ्याकडे तासांची ध्वनिमुद्रणं होती. त्यांवरून प्रश्नानंतरचे विराम वेगळे मोजले आणि त्यातून प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण उभं राहिलं.

असं दर वेळी होईल, असं म्हणणार नाही. धाकट्या परिषदांतही कंटाळवाणी सत्रं असतात. तीन पेपर लागोपाठ नुसता पूर्वसंशोधनाचा आढावा वाचून दाखवतात, आणि 'तुमचा नमुना लहान आहे' हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जातो, मुलाखती चार असोत की चाळीस. शिवाय सगळेच एका नावेतले प्रवासी असल्याने कधीकधी नको तितकं सांभाळून घेतलं जातं.

सीव्हीचा मुद्दाही टाळता येत नाही. निवड समितीला मोठ्या परिषदेचं नाव ओळखीचं असतं. धाकटीचं नाव समजावून सांगावं लागतं. ज्यांची पुस्तकं संदर्भसूचीत आहेत ती माणसं प्रत्यक्ष बघायला मिळतात ती मोठ्या परिषदेतच (गाठ पडेल याची खात्री नाही, भोवती गर्दी असते). प्रबंध जमा करायच्या बेतात असाल, निष्कर्ष पक्के असतील आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) शोधायची असेल, तर खुशाल मोठीकडे जा. तुम्हाला तेव्हा प्रश्नांपेक्षा ओळखींची गरज जास्त असते.

पण डेटा गोळा होतोय किंवा कोडिंग चालू आहे, अशा टप्प्यावर असाल तर माझं झुकतं माप धाकटीला. त्या टप्प्यावर चूक दुरुस्त करता येते. मोठ्या परिषदेत जाण्याइतके निष्कर्ष हाती येतात, तोवर चौकट बदलायची वेळ बऱ्याचदा निघून गेलेली असते. पुढच्या वेळी कुठे जायचं हे ठरवताना मी परिषदेच्या नावाआधी वेळापत्रक बघितलं: एका सत्रात किती पेपर, प्रश्नांना वेगळा वेळ लिहिलाय का, पेपर आधी वाचून येणारं कुणी आहे का. मागच्या वर्षीचा कार्यक्रम संकेतस्थळावर बहुधा असतो. अर्धा तास खर्च करून तो चाळा.

आणि गाईड मोठ्या परिषदेवरच अडून बसले असतील, तर निदान सत्राचा प्रकार विचारपूर्वक निवडा. 'पेपर सत्र' ऐवजी राउंडटेबल मागता आलं तर मागा. अनेकांना ते दुय्यम वाटतं, 'पेपर नाही मिळाला म्हणून टेबल दिलं' असं. मला ते उलट वाटतं. टेबलाभोवती पाच-सहा माणसं, ना व्यासपीठ ना स्लाइड, आणि उठून गेलं तर दिसतं म्हणून बसलेली माणसं बोलतात. पोस्टरही वाईट नाही, फक्त आपलं काम मांडलेल्या त्या भित्तिपत्रकाशेजारी उभं राहायची तयारी हवी. राउंडटेबलला जाताना आख्खा पेपर नेऊ नका. एक पानभर तक्ता आणि तुम्हाला स्वतःला न सुटलेला एक प्रश्न छापून न्या, प्रती टेबलावरच्या माणसांपेक्षा दोन जास्त.