थोरल्यासाठी सून कुठली: युतीची, रक्ताची की हक्काची?

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राजघराणं पिढ्यानपिढ्या चालवायच्या संगणकीय खेळात थोरला मुलगा लग्नाचा झाला की समोर स्थळांची यादी उघडते. ती युतीच्या ताकदीप्रमाणे लावली की वर एक मुलगी येते, जन्मजात गुणांप्रमाणे लावली की दुसरी आणि गादीवरच्या हक्कांप्रमाणे लावली की तिसरीच. तिन्ही गोष्टी एकाच मुलीत मिळणं दुर्मिळ. त्यामुळे नव्या खेळाडूचा पहिला खरा निर्णय बहुतेक वेळा युद्धाचा नसतो, सोयरिकीचा असतो.

बहुतेकजण युती निवडतात, कारण तिचं फळ लगेच दिसतं. राजाच्या मुलीशी किंवा बहिणीशी लग्न लागलं की दोन्ही राजांमध्ये युती आपोआप होते आणि पुढच्या लढाईत व्याह्याचं सैन्य तुमच्या बाजूनं उभं राहू शकतं. खेळ ८६७ सालापासून सुरू करून इंग्लंडमधलं वेसेक्स घेतलंत तर हाच मार्ग शहाणपणाचा आहे. उत्तरेकडून नॉर्स (व्हायकिंग) टोळ्या येत असताना तुमची नात किती हुशार निघेल याचा विचार करायला सवड नसते. १०६६ मध्ये आयर्लंडमध्ये मन्स्टरचा राजा मुर्खाद घेऊन सुरुवात केली तरी एखादा बरा व्याही पहिले दोन-तीन शेजारी गिळायला पुरतो.

पण ही युती घराण्यांची नसते, त्या दोन राजांची असते. त्यांतला एक गेला की गणित पुन्हा मांडावं लागतं, आणि सून बाळंतपणात गेली तर युतीही तिच्याबरोबर गेली. शिवाय व्याही तुम्हालाही हाक मारतो. तुमचं सैन्य घरी हवं असतं नेमकं तेव्हा त्याला कुठल्यातरी दूरच्या डचीसाठी (ड्यूकच्या प्रांतासाठी) लढायचं असतं. नाही म्हणालात तर प्रेस्टिज, म्हणजे खेळातला मान, घटतं. मोठा सम्राट व्याही मिळाला म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी आधी त्याचे शेजारी कोण आहेत ते नकाशावर पाहावं.

रक्ताचा मार्ग याच्या अगदी उलट. पहिल्या दिवशी काहीच मिळत नाही आणि तिसऱ्या पिढीत सगळं मिळतं. बुद्धी, रूप आणि शरीर या तिन्हींत जन्मजात गुणांच्या तीन-तीन पायऱ्या आहेत. बुद्धीच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा माणूस प्रत्येक कौशल्यात ५ अंक जास्त घेऊनच जन्माला येतो, मधल्या पायरीवरचा ३ आणि खालच्या पायरीवरचा १. आई-बाप दोघांत गुण असेल तर मुलात उतरण्याची शक्यता बरीच वाढते. दोघांत खालची पायरी असेल तर मुलं वरच्या पायरीवरही जाऊ शकतात. गुण दिसत नसला तरी अंगात दडून एखादी पिढी ओलांडून वर येतो, म्हणून मुलीबरोबर तिचे आजी-आजोबाही पाहून ठेवावेत. आपल्याकडे स्थळ पाहताना खानदान पाहतात, त्यातलाच प्रकार.

असे गुण बऱ्याचदा एखाद्या फुटकळ सरदाराच्या किंवा बिनजमिनीच्या मुलीत सापडतात. अशा लग्नातून मान फारसा मिळत नाही, मिळतं ते नातवंडांत. एक फायदा मात्र लगेचचा असतो: बायकोच्या कौशल्यांचा काही वाटा नवऱ्याच्या हिशेबात धरला जातो. हिशेबात तल्लख सून आली की स्टुअर्डशिप, म्हणजे कारभाराचं कौशल्य, वाढते आणि तिच्यामुळे स्वतःच्या ताब्यात एखादा जास्तीचा परगणा ठेवता येतो. जन्मजात गुण पाळण्यातच दिसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वाङ्‌निश्चय लवकर करून टाकावा. शिक्षणाचा निकाल मात्र १६ व्या वर्षी लागतो, तेव्हा सुनेचं कौशल्य हवं असेल तर थांबा. आणि चांगलं रक्त घरातच ठेवायच्या नादात भावंडांच्या मुलांची लग्नं आपापसांत लावत बसू नका. दोन-तीन पिढ्यांत वेडगळ, लुळे वारस जन्मतात.

हक्काची सून सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवी. तिचा एखाद्या गादीवर हक्क असतो. तिच्या बाजूनं लढून ती गादी मिळवली तर जमीन तुमच्या नावावर येत नाही, तिच्या नावावर येते. दोन्हीकडचा वारसा एकाच नातवात एकत्र झाला तरच तुमचं फावलं. मध्येच भावांत वाटणी झाली, किंवा नातू आईच्या आधी गेला, तर लढलात तुम्ही आणि खाल्लं भलत्यानंच. शिवाय बऱ्याच धर्मांत बाईचा हक्क गादीवर बाई किंवा लहान मूल असतानाच बजावता येतो, त्यामुळे योग्य वेळेची वाट पाहण्यात वर्षं जातात.

जमलं तर मात्र नकाशा बदलतो. ११३७ मध्ये आजच्या स्पेनमधल्या अरागॉन राज्याची वारस पेट्रोनिला हिचा वाङ्‌निश्चय बार्सिलोनाच्या काउंट रामोन बेरेंगेरशी झाला तेव्हा ती जेमतेम एका वर्षाची होती. त्यांच्या मुलाच्या हाती दोन्ही प्रदेश आले आणि अरागॉनच्या गादीवर बार्सिलोनाचं घराणं बसलं. आपल्या बाजूचं उदाहरण म्हणजे राजेंद्र चोळाची मुलगी अम्मंगादेवी. ती वेंगीच्या पूर्व चालुक्यांकडे दिली आणि १०७० मध्ये तिचाच मुलगा पहिला कुलोत्तुंग म्हणून चोळांच्या गादीवर आला. खेळाच्या नियमानं तो चालुक्यच ठरला असता. इतिहासानं त्याला चोळ म्हटलं.

घराणं बदलण्याचा हा धोका मुलींच्या बाबतीत तुमच्यावर उलटतो. वारस मुलगी असेल तर लग्नाच्या खिडकीतली मातृवंशीय लग्नाची खूण आधी करा. नाहीतर तिची मुलं जावयाच्या घराण्याची होतील आणि दुसरा वारस उरला नसेल तर तिच्यानंतर खेळ संपेल. कुठलाही राजा आपला थोरला घरजावई म्हणून देत नाही, पण तिसरा-चौथा मुलगा सहज देतो, आणि युती त्या राजाशी होतेच.

माझं मत विचाराल तर थोरल्याला रक्ताची सून, मुली आणि धाकटे युतीसाठी, आणि हक्काची सून फक्त तेव्हाच, जेव्हा ती गादी तुमच्या सीमेला लागून आहे आणि तिथला राजा पोरसवदा आहे. याला अपवाद एकच: पुढच्या पाच वर्षांत कुणीतरी तुम्हाला संपवणार हे दिसत असेल, तर सगळं विसरून युती घ्या. मुसलमान राजांना चार बायकांची मुभा आहे आणि नॉर्स धर्मात उपपत्नी चालतात, म्हणून तिथे ही ओढाताण कमी जाणवते. एक युतीची, एक रक्ताची, असं जमतं. पण मुलगे वाढतात, आणि सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांत वारशाची वाटणी होत असल्यानं राज्याचे तुकडेही तेवढेच होतात.

म्हणून दोन धडधाकट मुलगे झाल्यावर राजाची बायको वारली, तर दुसऱ्या लग्नासाठी पंचेचाळिशी उलटलेली, स्टुअर्डशिपमध्ये मुरलेली विधवा शोधा. तिला मूल होणार नाही आणि वाटणीत नवा हिस्सेदार येणार नाही.