कंबाइन की सीनियर बोल?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलपटूला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या स्काउटांसमोर (खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) उभं राहायला दोन मोठ्या जागा आहेत. फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला भरणारं चाचणी शिबिर, म्हणजे कंबाइन, आणि त्याआधी अलाबामातल्या मोबाईल शहरात होणारा निवडक कॉलेज खेळाडूंचा सामना, सीनियर बोल.

कंबाइनमध्ये सगळं मोजलं जातं: उंची, वजन, उडी, 225 पौंडांचा (सुमारे 102 किलो) बार किती वेळा उचलला, आणि सगळ्यांचे डोळे लागलेली 40 यार्डांची धाव. वैद्यकीय तपासणी आणि संघांच्या मुलाखतीही तिथेच होतात. संघांच्या दृष्टीने त्या धावेइतक्याच मोलाच्या. पण अंगावर पॅड नाहीत, समोर अडवणारं कुणी नाही. 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत धावला, तो तेव्हाचा विक्रम. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, नवव्या क्रमांकावर निवडही झाली, पण कारकीर्द बहरली नाही.

सीनियर बोलचा सामना शनिवारी असतो, तरी खरी परीक्षा आठवडाभराच्या सरावात. रिसीव्हर (पास झेलणारा) विरुद्ध बचावपटू, एकास एक! तिथे लपायला जागा नाही. लहान कॉलेजच्या मुलाला तर ही सोन्यासारखी संधी, कारण मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंसमोर तो तोलला जातो. ईस्टर्न वॉशिंग्टन या लहान कॉलेजचा रिसीव्हर कूपर कप 2017 मध्ये तिथे खेळला. कंबाइनमध्ये त्याची वेळ 4.62, म्हणजे साधारणच. निवड तिसऱ्या फेरीत, 69 वी. पाच वर्षांनी तोच सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला विचाराल तर लहान कॉलेजच्या मुलाने मोबाईलचं आमंत्रण कधीच नाकारू नये.