फ्रेंच लिसनिंग क्विझचं ॲप, बरेच महिने वापरल्यानंतर: गाळलेल्या जागा परत द्या

गेल्या आठवड्यात अपडेट आलं आणि ‘गाळलेल्या जागा किती’ हे सेटिंग ॲपमधून गायब झालं. मी पैसे भरत होते ते त्या एका सेटिंगसाठी. बाकीचं सगळ्यांना माहीत आहेच (छोट्या क्लिप्स, चार पर्याय, सर्वात सोप्या ए१ पासून अवघड सी१ पर्यंत लेव्हल, स्पीडची पट्टी), म्हणून ते परत लिहीत बसत नाही. सरळ मुद्द्यावर येते.

मला टीसीएफ कॅनडा, म्हणजे कॅनडाला जाण्यासाठीची फ्रेंचची परीक्षा, द्यायची आहे आणि चारही भागांत एनसीएलसी ७ (भाषा किती येते ते मोजायच्या कॅनडाच्या पट्टीवरची सातवी पायरी) हवं आहे. वाचन जमतं, लिहिणंही सुधारतंय. घोडं अडतं ते ऐकण्यात. त्या भागात ३५ मिनिटांत ३९ प्रश्न असतात आणि प्रत्येक क्लिप एकदाच वाजते. सुरुवातीचे प्रश्न सोपे, मग चढत जातात. एक शब्द निसटला आणि तुम्ही त्याच्याच मागे विचार करत राहिलात, तर पुढचं वाक्यही गेलं. डेल्फ बी१ ही फ्रेंचची दुसरी परीक्षा देणाऱ्यांना निदान क्लिप दोनदा ऐकायला मिळते, इथे ती सोय नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास तीन महिन्यांचा प्लॅन घेतला, ८९९ रुपये.

पहिले काही आठवडे स्पीड ०.७५ वर होता. ॲपमधला आलेख छान वर जात होता. जानेवारीत पूर्ण मॉक टेस्ट दिली आणि बी१ च्या प्रश्नांपासूनच उत्तरं सुटायला लागली. स्पीड कमी केल्यावर नेमकं काय होतं, ते तेव्हा नीट तपासलं. रेकॉर्डिंग रबरासारखं ताणलं जातं, एवढंच. बोलणाऱ्याने जे आवाज गिळलेत ते काही परत येत नाहीत. ‘मला माहीत नाही’साठी पुस्तकात ‘झ न से पा’ असे चार वेगळे शब्द असतात. रस्त्यावरचा फ्रेंच माणूस ‘शेपा’ म्हणतो आणि मोकळा होतो. ०.७५ वर तोच ‘शेपा’ जरा लांबलेला ऐकू येतो. ‘इल या’चं (म्हणजे ‘तिथे आहे’) नुसतं ‘या’ होतं, तेही तसंच. स्पीडच्या पट्टीला ‘लेव्हल’ म्हणणं मला पटत नाही. परीक्षेत ती पट्टी नसते आणि माँट्रियलच्या बसस्टॉपवरही नसेल.

खरी लेव्हल गाळलेल्या जागांच्या त्या सेटिंगमध्ये होती. १०, २५, ५० टक्के किंवा पूर्ण मजकूर, यातलं काहीही निवडायचं. क्लिप नेहमीच्या वेगानेच वाजायची, समोर मजकूर दिसायचा आणि त्यातले शब्द गाळलेले असायचे. गाळलेले शब्द मोठे नसायचे. ‘आं’, ‘य’, ‘न’, ‘दु’ असले चिल्लर शब्द, जे कान सहज सोडून देतो. ज्याने हे बनवलं त्याला शिकवण्याची जाण आहे, हे मनापासून सांगते. चार पर्यायांच्या प्रश्नात एक ओळखीचा शब्द पकडून अंदाजाने टिक करता येतं. इथे शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे स्वतःलाच ठरवावं लागायचं. फ्रेंचमध्ये तीच मेख आहे. ‘ले’ आणि ‘आमी’ (मित्र) जोडून ‘लेझामी’ होतात. ‘इल्झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे आणि ‘इल्सों’ म्हणजे ते आहेत. सगळा फरक एका झ आणि स चा.

माझा कान सर्वात जास्त अडायचा तो वेळेच्या क्लिप्सवर. रेल्वे स्टेशनची घोषणा असते आणि गाडी किती वाजता ते विचारतात. दोन वाजता म्हणजे ‘द झर’, बारा वाजता म्हणजे ‘दू झर’. मधला झ दोन्हीकडे सारखाच, सगळी मदार पहिल्या स्वरावर. मराठी कानाला आणखी एक त्रास आहे. फ्रेंचमधले दोन वेगळे स्वर आपण ‘ऊ’च ऐकतो, त्यातला एक ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यावर येतो. ‘ओ-दस्यू’ म्हणजे वर आणि ‘ओ-दसू’ म्हणजे खाली. कपाटाच्या वर की खाली असा प्रश्न आला की मी गडबडायचे. ५० टक्क्यांवर रोज घासल्यावर मार्चपर्यंत हे स्वर वेगळे ऐकू यायला लागले. आकडेही तसेच. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. ‘कात्र-व्हँ’ ऐकून हाताने ८० लिहिलेले असतात, तोवर मागून ‘दूझ’ येतं आणि नंबर ९२ निघतो. हात आवरून धरायला मला या क्विझने शिकवलं, क्लासने नाही.

आता नवं अपडेट. त्याचं नाव ‘स्मार्ट लेव्हल’. ओळीने बरोबर आलं की वेग वाढतो, चुकलं की आपोआप कमी होतो. म्हणजे जिथे कान अडतो तिथे परीक्षेत न मिळणारी सवलत मिळते. बंद करायचा पर्याय नाही. आणि पैसे कापले गेले ते अपडेटच्या चारच दिवस आधी, या वेळी १,१९९ रुपये. कापण्याआधी २४ तास कळवायचा नियम आहे, तसा मेसेज आला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यासाठी पैसे घेतले ते काढून टाकणार आहात, हे त्याच मेसेजमध्ये सांगायला काय हरकत होती? चॅटवर दोनदा छापील उत्तर आलं. रिफंड मागितला तर ‘धोरणात बसत नाही’. यूपीआयमधून ऑटोपे रद्द केलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक तारा द्यायचं ठरवलं होतं. मग त्यांचा मेल आला: जुनं सेटिंग वेबसाइटवर, ब्राउझरमध्ये, अजून चालू आहे. करून पाहिलं. खरंच चालतं, माझा जुना ५० टक्क्यांचा पर्यायही तसाच होता. म्हणून तीन तारे. पुढचे दोन देत नाही, कारण माझा सराव होतो तो बीकेसीला जाता-येता भुयारी मेट्रोत. तिथे नेटवर्क गेलं की ब्राउझरमधली क्लिप मधेच थांबते आणि घरी आल्यावर लॅपटॉप उघडण्याइतकं त्राण राहत नाही. डाउनलोड फक्त ॲपमध्ये होतं, गाळलेल्या जागा फक्त ब्राउझरमध्ये. हे दोन एकत्र द्या, मी स्वतःहून पुन्हा पैसे भरीन.

नव्याने घेणाऱ्यांनी आधी फुकटचं संपवावं. टीव्ही५ मोंद या फ्रेंच चॅनलच्या साइटवर ए१ ते बी२ पर्यंत व्हिडिओ आणि त्यांवरचे प्रश्न आहेत, एक रुपया लागत नाही. आरएफआय या फ्रान्सच्या रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमी मिळते आणि तिचा लिखित मजकूरही. कॅनडाला जाणाऱ्यांनी रेडिओ-कॅनडाच्या बातम्याही कानावर घ्याव्यात. तिकडे ‘मार्दी’चं (मंगळवार) ‘मार्द्झी’ होतं आणि या ॲपमध्ये क्युबेकचा, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचा, आवाज जवळपास नाहीच.

सध्या मी आरएफआयचा मजकूर धाकट्या बहिणीला पाठवते. ती त्यातले सगळे छोटे शब्द खोडून मला परत पाठवते, ऑडिओ मी सकाळी घरच्या वायफायवर उतरवून घेते आणि सांताक्रूझ येईपर्यंत एक बातमी भरून होते.