कुडाळचा कानाचा दवाखाना: वेळ मोडतो, पण जावं

मालवणात आमची खानावळ आहे. गेले ३ पावसाळे माझा डावा कान जून लागला की खाजायला सुरुवात. हाताशी कानकोरणं नसलं तर केसातला आकडा. सासूबाई म्हणायच्या, "तेल घाल गो कानात, बरां वाटतलां." लसूण टाकून कढवलेलं खोबरेल घातलं की ती रात्र शांत जायची आणि २ दिवसांनी खाज आणखी वाढायची. यंदा ऑगस्टात दडेच बसले. गिऱ्हाईक सोलकढी मागतंय की सुकट, कळेना. मग कुडाळ गाठलं.

तक्रार आधी सांगते. १० वाजता नंबर लावला, आत गेले दीडला. बसायला ४ खुर्च्या, बाकीचे जिन्यात उभे.

आत मात्र कसली घाई नाही. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, कान कधी फुटला होता का, शुगर आहे का. मग दुर्बिणीतून बघितलं आणि पडद्यावर मलाही दाखवलं. मळ थोडासाच. आत ओल्या कागदासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी! आकड्याने ओरखडलेली कातडी, कोकणातली दमट हवा आणि वर तेल. ३ वर्षं मीच तिला पोसत होते, हे ऐकून फार वाईट वाटलं.

बारीक नळीने तो थर ओढून काढला. दुखलं नाही, पण आवाज मोठा येतो आणि थोडं गरगरतं. मध्येच ठसका लागला तर बाई लगेच थांबल्या. कानातल्या कातडीला घशाकडच्याच नसेची एक फांदी येते, म्हणून खोकला येतो, असं त्यांनी समजावलं. मग बुरशी मारणारे क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले, अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायला सांगितला आणि आठवड्याने परत बोलावलं. तपासणी आणि सफाईचे मिळून ७०० रुपये झाले.

दुसऱ्या खेपेला मुलाला नेलं. त्याच्या कानात नुसता कडक मळ होता. इअरबडने आत ठासलेला. मळ बाहेरच्या भागातच तयार होतो आणि कातडी सरकत सरकत तो आपोआप बाहेर आणते. बड घातला की तो उलटा कानाच्या पडद्याकडे जातो. त्याला आधी ४ दिवस मळ मऊ करणारे थेंब, मग अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्याने धुतलं. पाणी गार असलं तर भोवळ येते म्हणे. मळासाठी तेलही चालतं, पण पडदा शाबूत आहे हे बघितल्यावर. खाज असेल, कान वाहत असेल तर अजिबात नाही.

लहान मूल नेणार असाल तर मशीनच्या आवाजाची कल्पना त्याला घरीच द्या. आणि नंबर ९ च्या आत लावा.