डॅनइलेक्ट्रो शॉर्टहॉर्न, आठ महिन्यांनंतर: भांडण अजून ब्रिजशीच

शॉर्टहॉर्न ही डॅनइलेक्ट्रोची जुनी इलेक्ट्रिक गिटार. हार्डबोर्डची बॉडी, लिपस्टिकच्या नळीतले पिकअप (तारांची कंपनं टिपणारे), ॲल्युमिनियमचा नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) हे सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथल्या, रोजवूडच्या पट्टीबद्दल. सहा तारांना मिळून टेकायला एकच सॅडल! फेंडरने १९५४ सालीच स्ट्रॅटोकॅस्टरला सहा दिले होते.

बाराव्या फ्रेटवरचा (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा लागला तर पट्टी मागे, उतरला तर पुढे. तारा सैल करा, स्क्रू ढिला करा, केसभर सरकवा, पुन्हा सुरात लावा. आधी बारीक ई (सर्वांत पातळ तार), मग पट्टी तिरकी करत जाडा ई. इतकं करूनही तिसरी तार चढीच राहते.

पहिले दोन महिने माझं मत होतं की ही पट्टी फेकून सहा सॅडलचा धातूचा ब्रिज लावावा. ते मत मागे घेतो. चूक तारांच्या संचाची आहे. ही गिटार बनली त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली (वरून बारीक तार वेढलेली) असे, आजच्या १०-४६ संचात (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ती साधी १७ ची असते आणि तिला सॅडल आणखी मागे लागतो. तेवढी एक बदलून गुंडाळलेली १८ ची घाला. एका सुट्या तारेचा खर्च, आणि तो लाकडी, तुटक ठणका शाबूत.

नेकचं मात्र काही करता येत नाही. आत पोलाद आहे, पण नेकचा बाक कमीजास्त करायला फिरवायचा स्क्रू नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा दाबा. सातव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये पाव मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त फट दिसली तर हलक्या तारा, नाहीतर फ्रेटबोर्ड घासून नवे फ्रेट. दुसरा खर्च गिटारच्या किमतीला शोभत नाही.

स्विच मध्ये ठेवला की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकामागे एक जोडले) जातात, आवाज उसळतो. हे मात्र झकास!

नेथन डॅनियलने १९४७ साली सुरू केलेली डॅनइलेक्ट्रो ही कंपनी सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीसाठी सिल्व्हरटोन नावाने स्वस्त गिटार बनवून जगली. १९६६ मध्ये एमसीए या अमेरिकन मनोरंजन कंपनीने ती घेतली, घाऊक व्यापाऱ्यांना वगळून थेट दुकानांना माल विकायला गेली आणि १९६९ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. काटकसरीचं वाद्य विकायलाही काटकसरीचाच रस्ता लागतो, हे नव्या मालकांना उमगलं नसावं.

जुनी घेताना कुणी आधीच धातूचा ब्रिज बसवलाय का बघा. बसवला असेल तर मूळ पट्टी केसमध्ये आहे का विचारा, आणि बॉडीत नवी भोकं किती पाडलीत तीही मोजा.