‘द लाँग शॅडो’ : कार्डांच्या ढिगाऱ्यात बुडालेला तपास

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात आणि मँचेस्टरमध्ये १९७५ ते १९८० या काळात तेरा स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफच्या तपासावर आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने २०२३ मध्ये ‘द लाँग शॅडो’ ही सात भागांची मालिका दाखवली. वृत्तपत्रांनी सटक्लिफला दिलेले आणि पुढे सर्वांच्या तोंडी बसलेले टोपणनाव शीर्षकातून कटाक्षाने वगळले आहे, आणि हा विवेक केवळ नावाच्या पाटीपुरता नाही, हे पहिल्या भागातच ध्यानात येते.

लेखक जॉर्ज के आणि दिग्दर्शक लुईस आर्नल्ड यांनी खुन्याला अखेरच्या टप्प्यापर्यंत जवळजवळ पडद्याआडच ठेवले आहे. सुरुवातीला आपण बराच वेळ असतो तो एमिली जॅक्सन आणि तिचा नवरा सिडनी यांच्या संसारात. छपरे घालण्याचा धंदा मंदावलेला, देणी थकलेली, आणि त्या कोंडीतून नवऱ्याच्या माहितीनेच तिने धरलेला देहविक्रयाचा मार्ग असा की त्याविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याची सोय नाही. कॅथरीन केलीने ही घुसमट फारसे संवाद न बोलता दाखवली आहे. पुढे खुनाची बातमी येते तेव्हा ती आपल्याला ओळखीच्या बाईची बातमी वाटते. खून मात्र पडद्यावर दाखवावा लागत नाही.

तपासाचे चित्रण मला सर्वांत मोलाचे वाटले. लीड्सच्या मिलगार्थ पोलीस ठाण्यात सगळी माहिती हाताने लिहिलेल्या कार्डांवर होती, आणि त्या कागदांचे ओझे इतके वाढले की खोलीच्या जमिनीला आधार द्यावा लागला. एकाच माणसाच्या नोंदी निरनिराळ्या कप्प्यांत पडून राहिल्या; सटक्लिफची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली आणि दर वेळी त्याला जाऊ दिले. त्यात १९७९ च्या जून महिन्यात ‘मीच तो’ असे सांगणारी ध्वनिफीत आली. तिच्यातल्या आवाजाला इंग्लंडच्या ईशान्येकडील वेअरसाइडची ढब होती, म्हणून ज्याची बोली तशी नाही तो संशयितांतून वगळला जाऊ लागला. आपल्याकडे एखाद्या गुन्ह्यात वऱ्हाडी बोलणाराच शोधायचा असे ठरवून समोरच्या कोल्हापूरकराला चहा पाजून वाटेला लावावे, तसे हे झाले. ती फीत बनावट होती, आणि ती पाठवणाऱ्याला शिक्षा झाली ती थेट २००६ मध्ये. या फितीवर विश्वास टाकून बसलेला तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड डेव्हिड मॉरिसीने साकारला आहे: हट्टी, थकत जाणारा, पण दुष्ट नव्हे.

मार्सेला क्लॅक्स्टन या कृष्णवर्णीय तरुणीवर १९७६ मध्ये हल्ला झाला, ती वाचली आणि तिने हल्लेखोराचे वर्णनही दिले; ते बरेचसे खरे होते, परंतु पोलिसांनी तिचे प्रकरण या खूनसत्राशी जोडले नाही. जास्मिन ली-जोन्सच्या अभिनयात या अपमानाचा संताप कुठेही भडक होत नाही. ‘चारित्र्याची’ बाई आणि ‘तसली’ बाई अशी वर्गवारी पोलिसांनी आधीच करून ठेवल्यामुळे साक्षीदार समोर असूनही ऐकू आला नाही, हे येथे भाषण न करता पोहोचते.

मधले भाग मात्र रेंगाळतात. तपासप्रमुख बदलत जातात, धुराने भरलेल्या खोल्या एकसारख्याच दिसतात, आणि सूट घातलेल्या साहेबांपैकी कोण कोणाच्या वर आहे हे समजायला मला दोनदा मागे जावे लागले. एखादा भाग कमी करून तो वेळ शेवटाला द्यायला हवा होता, कारण प्रत्यक्षातला शेवट विलक्षण साधा आहे. २ जानेवारी १९८१ रोजी शेफील्डमध्ये गस्तीवरच्या पोलिसांनी सटक्लिफला पकडले ते मोटारीच्या खोट्या नंबरप्लेटवरून. लघवीच्या निमित्ताने तो क्षणभर अंधारात गेला होता, एवढे आठवून सार्जंट रॉबर्ट रिंग दुसऱ्या रात्री त्या जागी परत गेले, आणि तेलाच्या टाकीमागे त्यांना हातोडा व सुरी सापडली.