दोन पेन्सिल सेल आणि साडेसहाशे मीटर

टोलार खिंड चढून वर आलं की खिरेश्वरच्या वाटेवर देवळापर्यंत लहानमोठ्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. पावसाळ्यात त्या सगळ्या एकसारख्या दिसतात. खरं म्हणजे दिसतच नाहीत. चार वर्षांपूर्वी जुलैत आम्ही सहा जण हरिश्चंद्रगडावर त्या धुक्यात दीड तास गोल गोल फिरलो. फोनवर नकाशा होता, पण स्क्रीनवर थेंब पडले की तो आपल्या मनाने लहान-मोठा व्हायचा, आणि माझ्या भिजून सुरकुतलेल्या बोटांना अजिबात दाद देत नव्हता. शेवटी एका गुराख्याने आम्हाला देवळापाशी नेऊन सोडलं. पैसे घेतले नाहीत, पण "येवढी मान्सं, अन् एकालाबी वाट ठावं न्हाई?" हे मात्र ऐकवलं.

त्याच दिवाळीला ताई स्टुटगार्टहून येणार होती. तिच्याकडून गार्मिन ईट्रेक्स २२एक्स हे हातात धरायचं जीपीएस यंत्र मागवलं. दोनशे युरोंच्या आसपास पडलं. तीन पावसाळे, बरेच किल्ले आणि जर्मनीतली एक मे महिन्याची सुट्टी एवढं वापरून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याच्या निघाल्या असत्या.

यंत्र मुठीत मावतं. सेलसकट वजन साधारण १४२ ग्रॅम. पडदा २.२ इंची, फोनच्या मानाने पोस्टाचं तिकीट. रंग फिके, नकाशा सरकवला की तो सावकाश, तुकड्या-तुकड्याने उमटतो. घरात सोफ्यावर बसून पाहिलं तर वाटतं, फसलो. तेच माळरानावर भर दुपारी बाहेर काढा. फोनचा पडदा उन्हात काळा आरसा होतो, आणि याचा उलट उजळतो, कारण तो ऊनच परतवून चित्र दाखवतो. टच नाही. कडेला बटणं आणि पुढे वाटाण्याएवढी एक दांडी, तीच वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलायची आणि दाबायची. त्या दांडीने गावाचं नाव टाईप करणं म्हणजे शिक्षा आहे. पण हातमोजे घालून, पावसात, एका हाताने दोरी धरलेली असताना ती चालते. पाणी आत शिरत नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास, असा त्याचा दर्जा आहे. आमच्या ओढ्यांना तेवढं पुरतं.

सेलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मी हे घेतलं ते मुख्यतः त्यासाठीच. दोन पेन्सिल सेल (एए मापाचे) लागतात आणि कंपनी पंचवीस तास सांगते. मी चांगले रिचार्जेबल घालते. शनिवारी सकाळी सुरू, रात्री बंद, रविवारी दुपारी खाली उतरेपर्यंत एका जोडीत भागतं. मात्र सेटिंगमध्ये सेल कोणत्या जातीचे ते सांगावं लागतं. अल्कलाईन ठेवून रिचार्जेबल घातले तर बॅटरीचं चित्र खोटं बोलतं. आणि पायथ्याच्या दुकानात मिळतात ते साधे रिमोटचे सेल घालू नका. एकदा सुटे सेल घरी विसरले म्हणून घातले, तर जेवायच्या आत राम म्हणाले. यात दोष दुकानदाराचाही नाही आणि यंत्राचाही. ते सेल भिंतीवरच्या घड्याळासाठीच असतात.

नकाशाचा घोळ वेगळा. यंत्र युरोपातून आलेलं, त्यामुळे आत युरोपचे नकाशे ठासून भरलेले आणि आपला अख्खा महाराष्ट्र म्हणजे चार रेघा. इथल्या एका दुकानात "भारताचा संपूर्ण नकाशा" म्हणून एक मेमरी कार्ड गळ्यात मारलं गेलं. त्यात महामार्ग आणि पेट्रोल पंप होते. राजूरच्या पुढे नुसता पिवळा कागद. दुकानदाराचं म्हणणं, "मॅडम, तिथे रस्ताच नाही ना." तिथे रस्ता नाही म्हणून तर हे यंत्र घेतलं! शेवटी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेले, समोच्च रेषांसकट (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांसकट) असलेले फुकटचे नकाशे उतरवून कार्डावर टाकले, आणि गडांच्या पायवाटासुद्धा दिसायला लागल्या. हे काम ज्याला जमणार नाही त्याने कुणाला तरी चहा पाजून करून घ्यावं. नकाशाशिवाय हे यंत्र अर्धंच आहे.

त्यानंतर खिरेश्वरची वाट मी डिसेंबरात, स्वच्छ उन्हात मुद्दाम पुन्हा चालले आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, यंत्रात साठवून ठेवला. जुलैत त्याच धुक्यात परत गेलो. पडद्यावर आमच्याच हिवाळ्यातल्या पावलांची रेघ, आणि तिच्यावर आमचा त्रिकोण. रेघेपासून पंधरा-वीस मीटर भरकटलो की कळायचं. एका टेकडीवर सगळ्यांचं मत उजवीकडे होतं आणि रेघ डावीकडे. पाच विरुद्ध एक. मी रेघेच्या बाजूने गेले. कुरकुरत सगळे मागून आले, आणि पाऊण तासाने धुक्यातून देवळाचा कळस वर आला. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी पिठलं-भाकरीचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

अरुंद घळीत मात्र यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंना कडे असले की आकाशाची चिंधीच दिसते, उपग्रहांचे संदेश कड्यावर आपटून येतात आणि तुम्ही हवेत चालताय असा ट्रॅक उमटतो.

आता जिओकॅशिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबी होती तिथे ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने जंगलात बादली ठेवून हा खेळ सुरू केला. आपल्याकडे तो फारसा रुजलेला नाही. जर्मनीत मात्र फिरायला जाल तिथे डब्या आहेत, आणि माझा अकरा वर्षांचा भाचा चिनू त्यात आकंठ बुडालेला.

ताईच्या घरापासून बसने बिर्केनकोप्फ नावाची टेकडी आहे, ५११ मीटर. तिचा वरचा चाळीसेक मीटर भाग दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा आहे. १९५३ ते १९५७ या काळात शहरातून वाहून आणून टाकलेला. माथ्यावर कोरीव खांबांचे, चौकटींचे दगड अजून तसेच पडलेत. आम्ही त्या भागातल्या डब्या शोधायला निघालो. चिनूच्या जिओकॅशिंगच्या प्रीमियम सभासदत्वातून जीपीएक्स फाईल (डब्यांच्या जागा आणि माहिती असलेली) घेऊन यंत्रात भरली होती, त्यामुळे डबीची माहिती, इशारा, आधीच्या लोकांचे शेरे सगळं पडद्यावर वाचता येत होतं. पहिल्या दोन डब्या पटापट सापडल्या. मी खूश.

तिसरी होती टप्प्याटप्प्याची. पहिल्या ठिकाणी पायऱ्या मोजायच्या, पाटीवरच्या सालाचे आकडे घ्यायचे, बेरीज-वजाबाकी करायची की शेवटच्या जागेचे आकडे मिळतात. हिशेब माझा प्रांत; तीस वर्षं तेच केलंय. अंश, मिनिटं आणि मिनिटांचे तीन दशांश. उत्तर-दक्षिण दिशेत शेवटचा एक आकडा चुकला तर १.८५ मीटरचा फरक पडतो, म्हणून रिमझिम पावसात त्या वाटाण्याएवढ्या दांडीने एकेक आकडा निवडला, चिनूकडून दोनदा तपासून घेतला. बाण पूर्वेकडे वळला. गेलो. तिथे एक कुजका बुंधा. चाळीस मिनिटं आम्ही तो बुंधा वरून, खालून, आतून पाहिला. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजीबाई दोनदा थांबून बघून गेल्या. शेवटी चिनूने शेरा दिला, "मावशी, तुझा सॅटेलाइट झोपला आहे."

रात्री सेटिंग उघडून बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीत आमच्यातल्या एका जुन्या भटक्याकाकांनी सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटशी आकडे जुळावेत म्हणून माझ्याकडून डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मापावरून मोजायचे ते माप, बदलून घेतलं होतं. ते जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या मापावर आहेत, आणि जीपीएसचं सगळं जग डब्ल्यूजीएस ८४ या मापावर चालतं. सह्याद्रीत या दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो. ट्रॅकवर तर परिणामच होत नाही, म्हणून माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. फाईलमधून आलेल्या डब्याही बरोबरच दिसत होत्या. चुकणार होते फक्त हाताने घातलेले आकडे. आणि भारतासाठी बसवलेलं माप जर्मनीत लावलं की जागा साडेसहाशे मीटर पूर्वेला सरकते! आयुष्यभर ताळेबंद जुळवले आणि इथे बेरीज बरोबर, पण चलनच भलतं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आता बाणाने पश्चिमेला नेलं, आणि शेवटच्या दहा मीटरांत २२एक्सची खरी उणीव कळली. यात चुंबकीय होकायंत्र नाही. तुम्ही चालत असाल तरच त्याला दिशा कळते; थांबलात की बाण लग्नघरातल्या मामासारखा इकडे-तिकडे धावतो. त्याच्यासोबत आम्हीही गरगरलो. मग चिनूने शिकवलं तसं केलं: वीस मीटर लांब जायचं, सरळ रेषेत चालत यायचं, आकडा सर्वांत कमी होईल तिथे खूण करायची, मग आडव्या बाजूने तेच. दोन रेघा मिळतात तिथे यंत्र पिशवीत टाकायचं आणि डोळे वापरायचे. बीच झाडाच्या मुळाशी तीन दगड जरा जास्तच नीट रचलेले होते. त्यांच्यामागे कोल्ड्रिंकच्या बाटलीला फुगवण्याआधीचा आकार असतो ना, तसली जाड प्लास्टिकची नळी, आत कागदाची सुरळी. चिनूने आपलं टोपणनाव लिहिलं, खाली मी देवनागरीत तारीख घातली.

नुसतं शहरात डब्या शोधायला हे घेऊ नका. कोरड्या हवेत फोन जास्त सोपा आहे आणि त्याला होकायंत्रही असतं. डोंगरासाठी घेत असाल तर थोडे पैसे वाढवून थोरला भाऊ ३२एक्स घ्या. शरीरयष्टी तीच, पण होकायंत्र आणि हवेच्या दाबावर उंची सांगणारा मापक दोन्ही आहेत. तो मी न घेतल्याचा पश्चात्ताप वर्षातून चार वेळा होतो. आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवताना उपग्रहावरून संदेश पाठवणारी मॉडेल्स चुकूनही मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक त्यापायी अडकल्याच्या बातम्या आल्या आहेत. ईट्रेक्सची ही दोन्ही मॉडेल्स फक्त ऐकतात, उपग्रहाकडे काही पाठवत नाहीत.

ताई या दिवाळीला परत येतेय. कॉम्प्युटरला जोडायची केबल या यंत्राला अजून ती जुन्या कॅमेऱ्यांची, मिनी-यूएसबीची लागते. माझी मोडली. ठाण्यात तिसऱ्या दुकानातही "ती आता येत नाही" हेच ऐकलं, तेव्हा तिला दोन आणायला सांगितल्यात.